पडद्यामागचा गळा

आपल्या नाट्यशास्त्रांत दशरूपकांपैकीं प्रहसन हा एक प्रकार सांगितला आहे. त्याचें खरें भक्ष्य दंभ. सातव्या शतकांत पल्लव राजा महेंद्रवर्मा यानें 'मत्तविलास' रचून कापालिक व भिक्षु यांच्या ढोंगाचें हंसें केलें. विसाव्या शतकांत दंभाला मठापेक्षां चित्रपटाचा पडदा अधिक मानवला. तेव्हां प्रहसनही त्याच्या मागोमाग तेथें पोंचलें, यांत नवल नाहीं. १९५२ सालीं हॉलिवुडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें काढलेला 'सिंगिन् इन् द रेन' हा बोलपट याच कुळांतील होय. जीन केली व स्टॅन्ली डोनेन हे त्याचे दिग्दर्शक.

कथेचा काळ १९२७ चा. मूकपट मावळत होता व बोलपट उगवत होता, अशी ती संधिवेळ. आरंभींच नायक डॉन लॉकवुड जमलेल्या चाहत्यांस आपलें पूर्वचरित्र ऐकवितो: उत्तम संस्कार, उच्च कलाशिक्षण आणि सदैव मर्यादा! कान हें ऐकत असतां डोळ्यांना मात्र दिसतात दारूचे अड्डे, हलक्या नाटकगृहांतील उड्या व प्रेक्षकांची हुर्यो. नायिका लीना लॅमॉण्ट हिची गोष्ट याहून मासलेवाईक. या दोघांच्या प्रीतीची वार्ता केवळ प्रसिद्धीसाठीं उठविलेली. पण मासिकांत छापून आली म्हणून बाई स्वतःच ती खरी मानून बसते.

पडदा बोलूं लागतांच लीनाचा कर्कश स्वर उघडा पडतो. मग कॅथी सेल्डन या गुणी मुलीचा गळा तिला उसना देण्यांत येतो. कॅथीचें नांव जाहीर करण्याचा बेत ठरतो, पण लीना कराराचा धाक घालून तो हाणून पाडते. अखेरीस भर सभेंत पडदा वर जातो आणि गाणारी कोण, तें सर्वांना दिसतें. सत्याचा जय झाला, असें समजून आपणही टाळी वाजवितों.

परंतु खरें प्रहसन पडद्याबाहेरच घडलें. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स लीनासाठीं जें 'वुड यू' गीत गातांना दिसते, तें वस्तुतः बेटी नॉइस हिनें गायिलें आहे. आणि श्रेयनामावलींत तिचें नांव नाहीं. लीनाकरितां कॅथी जे संवाद म्हणते, ते तर लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगनच्याच स्वाभाविक मधुर स्वरांत आहेत! जी लबाडी चव्हाट्यावर आणावयाची, तीच करून हें चित्र सिद्ध झालें.

परक्यांस हंसण्यापूर्वीं आपलें अंगणही पाहावें. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील गाजलेल्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' हें पात्राचेंच नांव छापलें होतें. तो गळा लता मंगेशकर यांचा, हें श्रोत्यांस मागाहून कळलें.

म्हणून घरांतील मुलामुलींना नटनट्यांच्या कीर्तीचें वेड लागलें, तर रागें भरण्यापेक्षां हा बोलपट सर्वांनीं एकत्र बसून पाहावा आणि शेवटीं एकच प्रश्न विचारावा: पडद्यामागें कोण होतें? हा प्रश्न एकदां अंगवळणीं पडला, कीं पंगतींत यजमानांची वाहवा चालली असतां स्वयंपाकघरांत पहाटेपासून कोण राबलें, हेंही मुलें विचारतील. तें नांव मोठ्यानें घेण्याची तयारी मात्र आपणां वडीलधाऱ्यांची असली पाहिजे.