नागपाडा नेबरहूड हाऊस : वस्तीत वसलेली संस्था

शहरातील गरीब वस्तीसाठी काही करू पाहणाऱ्याने आधी त्या वस्तीचा शेजारी व्हावे, या विचारातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्या ‘सेटलमेंट हाऊस’ या नावाने ओळखल्या जातात. सुशिक्षित कार्यकर्त्यांनी कामगारवस्तीतच बिऱ्हाड करावे, आणि वाचनालय, वर्ग, दवाखाना, क्रीडांगण यांसारख्या सोयी तेथल्या रहिवाशांसाठी खुल्या कराव्यात, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असे. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये सुरू केलेले टॉयन्बी हॉल हा या चळवळीचा आरंभ मानला जातो. ते पाहून प्रभावित झालेल्या जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस स्थापन केले. मुंबईत भायखळ्यालगतच्या नागपाड्यात १९२७ साली उघडलेले ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ याच कुळातले होय. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा प्रारंभ या वास्तूत झाला, आणि तरीही हे नाव आज मुख्यतः बास्केटबॉलच्या संदर्भात घेतले जाते. या दोन्ही गोष्टी एकाच हेतूतून निघाल्या आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय या संस्थेचे कार्य नीट कळत नाही.

नागपाड्याची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाट, कोंदट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाचे सरकारी मंडळ नेमण्यात आले, आणि त्याने हाती घेतलेली पहिलीच योजना नागपाड्याची होती. जुनी घरे पाडून रुंद रस्ते आखले गेले खरे, परंतु जितकी घरे पडली तितकी नवी बांधली न गेल्याने विस्थापित कुटुंबे आसपासच्या चाळींत शिरली आणि गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. मुसलमान, बगदादी आणि बेने इस्रायली ज्यू, ख्रिस्ती, हिंदू असा मिश्र वस्तीचा हा भाग. त्याच्या एका कुशीला गिरणीकामगारांच्या चाळी, तर दुसऱ्या कुशीला कामाठीपुरा. १९२१ च्या सुमारास मुंबईतील बालमृत्यूचे नोंदलेले प्रमाण दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक होते. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन शहरात परतत, त्यामुळे जन्माची नोंद गावाकडे व मृत्यूची नोंद मुंबईत, असे होऊन हा आकडा फुगलेला असला, तरी एका खोलीत एक किंवा अनेक कुटुंबे राहत असलेल्या शहराचे ते चित्र मुळात खोटे नव्हते.

संस्थेमागे अमेरिकन मराठी मिशन होते. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे या मिशनचे पहिले प्रतिनिधी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते, आणि १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामुळे, तसेच त्याच्या संपादनाशी निगडित असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे मराठी वाचकाला या मिशनची ओळख आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मिशनच्या वतीने मुंबईत आले, तेव्हा मिशनच्या कार्याला शतकाहून अधिक काळ लोटला होता. मॅन्शार्ट यांनी मात्र प्रचलित पद्धतीपासून स्पष्ट फारकत घेतली. दवाखाना किंवा शाळा ही धर्मांतराची पहिली पायरी समजू नये, सेवा ही सेवेसाठीच व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. तिचे महत्त्व आज चटकन ध्यानात येणार नाही. पण मिशनच्याच पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने त्या काळात असे म्हणणे धाडसाचे होते. पुढे १९३२ मध्ये विल्यम अर्नेस्ट हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने ‘रीथिंकिंग मिशन्स’ या अहवालात जवळपास हीच दिशा सुचवली, तेव्हा मिशनरी वर्तुळात मोठा वाद उसळला. नागपाड्यासारख्या बहुधर्मी वस्तीत मुसलमान किंवा ज्यू घरातले मूल निःशंकपणे ज्या दारातून आत येईल, ते दार उघडायला ही भूमिका आवश्यकच होती. १९२९ आणि १९३२ मध्ये मुंबईत भीषण हिंदू-मुसलमान दंगे झाले, आणि १९३६ मध्ये मॅन्शार्ट यांनी याच प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

आरोग्यसेवा, वाचनालय, प्रौढांचे वर्ग आणि खेळ ही संस्थेची नित्याची कामे होती. तथापि तिचे वेगळेपण दुसऱ्या एका कामात अधिक दिसते. वस्तीतील रोगराई, भाडे, कचरा, बेकारी यांची कारणे वस्तीबाहेर, म्हणजे शहराच्या कारभारात असतात, ही जाणीव ठेवून येथे मुंबईच्या प्रश्नांवर जाणकारांच्या व्याख्यानमाला योजल्या गेल्या, आणि त्या मॅन्शार्ट यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. ‘बॉम्बे टुडे अँड टुमारो’ (१९३०) आणि ‘बॉम्बे लुक्स अहेड’ (१९३४) ही त्यांतली दोन नावे. मदत वाटणारे केंद्र आणि शहराचा अभ्यास करणारे केंद्र एकाच छपराखाली असणे, ही मुंबईच्या सार्वजनिक जीवनात नवी गोष्ट होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये यांद्वारे मोठे काम उभे केले होते, त्यामुळे नागपाड्याला सर्वस्वी पहिलेपणाचा मान देणे अन्यायाचे ठरेल. वस्तीतल्या अनुभवाला शास्त्राचे रूप देण्याचा आग्रह मात्र नागपाड्यात अधिक ठामपणे धरला गेला.

त्या आग्रहाचे फळ १९३६ मध्ये मिळाले. सद्भावना असलेला स्वयंसेवक पुरेसा नाही, समाजकार्य करणाऱ्याला अर्थशास्त्र, मानसशास्त्र, आरोग्य, कायदा यांचे पद्धतशीर शिक्षण हवे, असे मॅन्शार्ट यांचे म्हणणे होते. आपली बहुतेक संपत्ती विश्वस्त निधीकडे सोपवून सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये निवर्तले होते. त्या निधीच्या विश्वस्तांनी हा प्रस्ताव उचलून धरला, आणि ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही देशातली या प्रकारची पहिली संस्था नेबरहूड हाऊसमध्येच वीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते. वर्गात शिकलेले लगेच प्रत्यक्ष कुटुंबांत, दवाखान्यांत, वस्त्यांत जाऊन पडताळायचे, या पद्धतीला समाजकार्याच्या परिभाषेत ‘क्षेत्रकार्य’ म्हणतात, आणि येथे ते क्षेत्र वर्गाच्या दाराशीच सुरू होत होते. १९४१ मध्ये मॅन्शार्ट संस्था सोडून गेल्यावर जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ मध्ये संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे झाले. आधी अंधेरी आणि १९५४ मध्ये देवनार, असे तिचे स्थलांतर होत गेले. विस्तारासाठी हे अटळ होते. तरीही अभ्यासक आणि वस्ती यांच्यामधले नागपाड्यात जवळजवळ नसलेले अंतर त्यामुळे निर्माण झाले, आणि क्षेत्रकार्याला जाण्यासाठी विद्यार्थ्याला प्रवास करावा लागू लागला, हे नमूद केले पाहिजे.

वस्तीत मागे राहिला तो खेळ. बास्केटबॉलचा जन्मही अमेरिकेतल्या ख्रिस्ती सेवाकार्याच्याच वातावरणातला: डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत, हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ म्हणून जेम्स नेस्मिथ यांनी तो रचला. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर एकेक कडे, प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक चेंडू, एवढ्यावर तो चालतो. फुटबॉलच्या एका मैदानात अशी दहाहून अधिक मैदाने मावतील, म्हणून जागेचा दुष्काळ असलेल्या नागपाड्याला तो मानवला. सरावाला अर्धे मैदान आणि एक कडेही पुरते: तिघे विरुद्ध तिघे खेळतात, बाकीचे कडेला आपल्या पाळीची वाट पाहतात, आणि जागा अपुरी असल्याने चेंडू हातात धरून ठेवणाऱ्याला लगेच घेरले जाते, म्हणून तो सोबत्याकडे झटकन सोडून स्वतः मोकळ्या जागी सरकण्याची सवय मुलाला लहानपणीच लागते. समाजकार्यशास्त्रात ज्याला ‘गटकार्य’ म्हणतात, म्हणजे समूहातील परस्परसंबंधांच्या द्वारा व्यक्तीचा विकास साधण्याची पद्धत, तिचा याहून सुबोध नमुना दाखवणे कठीण आहे. म्हणूनच खेळाला संस्थेच्या कार्याचे पुरवणी प्रकरण मानणाऱ्यांशी सहमत होता येत नाही.

नेबरहूड हाऊस आणि जवळचे मस्तान तलाव मैदान यांच्या आधाराने नागपाडा हे भारतीय बास्केटबॉलचे एक प्रमुख केंद्र बनले. याच मोहल्ल्यात घडलेल्या अब्बास मुंतसिर यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले, आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतरही नागपाड्यातल्या मुलांनी मुंबईच्या, महाराष्ट्राच्या आणि देशाच्या संघांत जागा मिळवली. त्यांतल्या कित्येकांना या खेळाने पुढे नोकरीही मिळवून दिली, कारण रेल्वे, बँका आणि सरकारी उपक्रम खेळाडूंची भरती करीत असत; एका खोलीत वाढलेल्या मुलाच्या कुटुंबाला त्या पगाराने जो आधार दिला, तो संस्थेच्या कोणत्याही वर्गाच्या फळापेक्षा कमी मोलाचा नव्हता.