सॉफ्टवेअर बदललं, जुनी स्क्रीन कधी बंद करायची?



शाळेत नवीन पोर्टल आलं की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आधीचं बरं होतं बघा." मोठ्या कारखान्यांत, बँकांत सॉफ्टवेअर बदललं की तिथले लोकही हेच म्हणतात. हा नुसता आळस नसतो. म्हणून आज जरा वेगळा विषय घेतेय.

मोठ्या संस्थेनं जुनं सॉफ्टवेअर सोडून नव्यावर जाणं, याला मायग्रेशन म्हणतात. त्यात दोन कामं असतात. जुनी माहिती नव्या ठिकाणी नेणं हे एक. आणि कुणी, कुठल्या स्क्रीनवरून त्या माहितीपर्यंत पोचायचं हे ठरवणं, हे दुसरं. सगळं लक्ष पहिल्यावर असतं, आणि माणसांना त्रास होतो तो दुसऱ्यात.

आपला सातबारा घ्या. नोंद एकच आहे. पण ती महाभूलेखवर फुकट बघता येते, १५ रुपये भरून डिजिटल सहीची प्रत काढता येते, किंवा तलाठ्याकडून सहीनिशी घेता येते. आतली माहिती एक आणि दारं तीन. नुसतं बघायचं असलं तर पहिलं दार पुरतं, कर्जाच्या कागदाला जोडायचा असला तर दुसरं किंवा तिसरं लागतं.

आता कंपन्यांकडे बघू. जगातल्या कितीतरी मोठ्या कंपन्या खरेदी, साठा, पगार, हिशेब हे सगळं 'सॅप' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालवतात. या कंपनीनं २०१५ मध्ये 'एस/४ हाना' ही नवी आवृत्ती आणली आणि जुन्या आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवणार असं जाहीर केलं. त्यामुळे सगळीकडे स्थलांतराची धावपळ चालू आहे. तिथं कामगारांसमोर स्क्रीन कुठली ठेवायची याचे मुख्य तीन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवलेला जुना प्रोग्राम तसाच ठेवायचा. दुसरा, तीच जुनी स्क्रीन ब्राउझरमधून उघडायची, म्हणजे प्रत्येक मशीनवर काही बसवावं लागत नाही. तिसरा 'फिओरी'. ही २०१३ साली आलेली नवी रचना. यात ज्याचं जे काम, तेवढेच चौकोन त्याला दिसतात, आणि ते मोबाईलवरही चालतात.

ऐकल्यावर वाटतं, तिसराच चांगला, सगळ्यांना तोच द्या! पण स्टोअरमधला कारकून दिवसभर माल जमा करतो. 'मिगो' असा कोड टाकला की त्याची स्क्रीन उघडते, बोटांना रकाने पाठ झालेले असतात. त्याला चौकोन दाबत बसवलं तर त्याचं काम मंदावतं. उलट महिन्यातून दोनदा रजा मंजूर करणाऱ्या साहेबाला कोड कशाला पाठ करायला लावायचे? त्याला मोबाईलवरचा एक चौकोन बास. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न "नवीन काय आलंय?" हा नाहीच. हा माणूस हे काम किती वेळा करतो, कुठं बसून करतो, हे आधी विचारायला पाहिजे.

हेच आपल्या यु-डायसला लावून बघा. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिकची माहिती एकत्र करून यु-डायस सुरू झालं. तेव्हा आपली स्क्रीन म्हणजे खरं तर कागद होता. छापील नमुना शाळेत भरायचा, तो वर जायचा आणि कॉम्प्युटरवरची नोंद दुसरं कुणीतरी करायचं. २०१८-१९ पासून यु-डायस प्लस ऑनलाइन आलं. २०२२-२३ पासून नुसते आकडे न घेता प्रत्येक मुलाची वेगळी नोंद घेतली जाते. आधी 'पहिलीत मुली ७' लिहिलं की काम झालं. आता त्या सातही जणींचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि बाकीचं बरंच काही. म्हणजे माहिती वाढली, आणि स्क्रीनसमोर बसणारा माणूसही बदलला. हा दुसरा बदल मला जास्त मोठा वाटतो.

आणि हे काम वर्षातून एकदाच. पोषण आहाराची नोंद रोजची, ती मोबाईलवर दोन मिनिटांत होते, हाताला सवय असते. वर्षातून एकदा उघडणारी स्क्रीन मात्र दरवर्षी नव्यानं शिकावी लागते. चूक झाली तर भोगतं कोण? आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. लेकरू दुसऱ्या शाळेत गेलं तर जुन्या शाळेनं त्याला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये सोडायचं आणि नव्या शाळेनं त्याच्या कायम शिक्षण क्रमांकावरून आत घ्यायचं. जुन्या शाळेतल्या गुरुजींना ती पायरीच सापडली नाही, तर मूल वर्गात बसलेलं दिसतं, पण नोंदीत नव्या शाळेचं नसतं.

माझा एक अनुभव सांगते, नाव कशाचं घेत नाही. एकदा नवी प्रणाली आली, पण जुनी कधी बंद होणार हे कुणीच सांगितलं नाही. धोका नको म्हणून आम्ही वर्षभर दोन्हीकडे भरलं, शिवाय रजिस्टर होतंच. तिन्हीकडचे आकडे वेगळे निघाले आणि मार्चमध्ये ते जुळवायला दोन रविवार गेले. जुनं दार थोडे दिवस उघडं ठेवावंच, नाहीतर माणूस अडकतो. पण ते बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी, आणि तोवर खरी नोंद कुठली धरायची हेही.

आता माझ्या शाळेत मी एवढंच करते. ऑनलाइन बसण्याआधी कोऱ्या कागदावर वर्गाची यादी भरून घेते, रेंज गेली तरी काम थांबत नाही. आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढून वहीत चिकटवते, पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कुणी असलं तरी त्याला सापडावं म्हणून. पालकांनो, तुम्ही गाव सोडून जाणार असाल तर निघायच्या आधी शाळेत या आणि मुलाचा तो कायम शिक्षण क्रमांक लिहून घ्या. मोबाईल हरवतो, म्हणून आधारच्या झेरॉक्सच्या पाठीमागेच लिहिलेला बरा.