‘व इतर’

लेक्सिंग्टन, केंटकी

इथे राहायला आल्यापासून कोल्हापूरहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो: “तिकडं कोण नट-नट्या दिसतात का गं?” आमच्या गावाला सिनेमाचं वेड आहे, तेव्हा या प्रश्नाचा राग येत नाही. पण लॉस एंजेलिस इथून तीन हजार किलोमीटरवर आहे. हा मुलूख घोड्यांच्या पागांचा, तंबाखूच्या शेतांचा आणि बर्बन व्हिस्कीच्या पिंपांचा. आणि अमेरिका फक्त पहिल्या नंबरालाच पुजते असं जे आपण धरून चालतो, ते मला इथेच सोडावं लागलं. या शहराने २०११ साली एका नटाच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला. त्या नटाने साठ वर्षं कामं केली, पण नायक म्हणून मोजून एक-दोनदा.

हॅरी डीन स्टॅन्टन. नावावरून ओळख पटणार नाही, चेहऱ्यावरून पटेल. गालफडं बसलेली, डोळे खोल, आणि कुठल्याही प्रसंगात आधीपासून तिथेच राहत असल्यासारखा उभा. ‘एलियन’ पाहिला असेल तर टोपी घातलेला तो मेकॅनिक आठवा. बाकीचे अंतराळाच्या गोष्टी करतात आणि तो व त्याचा जोडीदार यफेट कोटो बोनसमधला आपला वाटा कमी का, म्हणून हुज्जत घालतात. या पत्रात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या हुज्जतीत आहे.

तो १९२६ साली वेस्ट अर्व्हाइन या इथून जवळच्या लहानशा गावी जन्मला. बाप तंबाखू पिकवायचा आणि न्हाव्याचंही काम करायचा. दुसऱ्या महायुद्धात पोरगा नौदलात गेला, ओकिनावाच्या लढाईत एका जहाजावर स्वयंपाकी होता. परत येऊन इथल्या विद्यापीठात शिकला, नाटकात उतरला, मग कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना प्लेहाउसला गेला. पुढे ‘गनस्मोक’, ‘रॉहाइड’सारख्या मालिकांतून गुंड, घोडेचोर, पळालेले कैदी. हिचकॉकच्या ‘द राँग मॅन’मध्येही तो आहे, पण श्रेयनामावलीत नाही. नाव गाळण्याची रीत इथेही होती, हे आधी सांगून टाकते.

पहिली खरी मुख्य भूमिका ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. सॅम शेपर्डने लिहिलेला आणि विम वेंडर्सने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. त्यात पहिली वीस-पंचवीस मिनिटं नायक एक शब्द बोलत नाही, नुसता वाळवंटातून चालतो. इतकं झाल्यावर आपल्याकडे माणसाने “आता लहान कामं घेत नाही” असं सांगितलं असतं. स्टॅन्टन पुन्हा लहान कामांकडे गेला. ऑस्करचं नामांकन त्याला आयुष्यात कधी मिळालं नाही. समीक्षक रॉजर ईबर्टने मात्र एक नियमच करून ठेवला होता: स्टॅन्टन किंवा एम. एमेट वॉल्श यांपैकी कुणीही दुय्यम भूमिकेत असेल तर चित्रपट सर्वस्वी वाईट असू शकत नाही. पुढे नियमाला अपवाद सापडले आणि ईबर्टने तेही कबूल केले.

आता माझ्या थोरल्या मामाबद्दल.

मामा लाकडाच्या वखारीत कामाला होता. जयप्रभा नाहीतर शालिनी स्टुडिओत चित्रीकरण असलं की बोलावणं यायचं. कधी हवालदार, कधी पंच, कधी वाड्याच्या दारातला राखणदार. एखादं वाक्य, फार तर तीन. मिळकत दिवसाच्या रोजाची, तीही पुढच्या आठवड्यात. चित्रपट लागला की आम्ही सगळी पोरं त्याच्याबरोबर जायचो आणि टायटल्स डोळ्यांत तेल घालून वाचायचो. नायक, नायिका, खलनायक, मग सहकलाकारांची दाटीवाटीने लिहिलेली नावं, आणि शेवटी दोन शब्द: ‘व इतर’. मामा म्हणायचा, “हे बघा, आलं माझं नाव.” त्याच्या आवाजात तक्रार नसायची. ती आज माझ्या आवाजात आहे.

मोठ्यांचं आपण काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले निळूभाऊ फुले आपल्याला घरातले वाटतात. खेड्यातल्या बायका त्यांना खरा पाटील समजून शिव्या घालायच्या, इतकं ते काम अंगाला भिडलेलं. ललिता पवारांच्या सासूची धास्ती दोन-तीन पिढ्यांनी घेतली. जीव लावायला आपण कुणाला हार जाणार नाही. पण तो जीव हिशेबाच्या वहीत उतरत नाही. ए. के. हंगल यांच्यासारख्या नटाला उतारवयात औषधपाण्याचा खर्च झेपत नाही, हे २०११ साली बातम्यांतून कळलं तेव्हा देश हळहळला. मदत धावली, चांगलं झालं. पण ती मदत होती, त्यांचा हक्क नव्हता.

इथला फरक मला त्या हक्काच्या ठिकाणी दिसला. ऑस्करने सहायक भूमिकांना १९३६ सालच्या चित्रपटांपासून वेगळं पारितोषिक दिलं. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो विभाग १९८४ सालच्या चित्रपटांपासून आला. पारितोषिकं राहू द्या. १९६० साली इथल्या नटांच्या युनियनने संप केला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन तेव्हा युनियनचा अध्यक्ष होता. त्या संपाने दोन गोष्टी मिळवल्या: चित्रपट टीव्हीवर दाखवला की त्यातल्या नटांना पैसे, आणि आजारपण व म्हातारपणासाठी निधी. चेक कधी मोठा असतो, कधी त्यात कॉफी येत नाही. पण तीन वाक्यांच्या नटाचं नाव त्या चेकवर लिहावंच लागतं.

हा स्वर्ग आहे असं समजू नका. युनियनचे सभासद दीड लाखाच्या वर आहेत, आणि आरोग्यविम्यासाठी वर्षाला जी कमाई लागते (२०२३ साली सुमारे २६ हजार डॉलर) ती बहुसंख्यांना गाठता येत नाही. स्ट्रीमिंग आल्यावर चेक आणखी रोडावले. म्हणून २०२३ साली ११८ दिवस पुन्हा संप झाला. फलक धरून उभे राहिलेल्यांत बरेच जण आपल्या मामासारखे होते, चेहरा ओळखीचा आणि नाव जिभेवर न येणारे. पण भांडायला त्यांच्या हातात कागद होता.

मामाचे दोन चित्रपट अजून टीव्हीवर लागतात. लागले की आमच्याकडे रात्री अकराला फोन सुरू: “लाव लाव, मामा येईल आता.” २०१२ साली आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना त्यांचा वाटा मागता येऊ लागला, हे मोठंच काम झालं. पण वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्यातला एक पैसा आलेला मी पाहिला नाही. साठी उलटल्यावर मामाने वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला. कलेची सेवा केल्याचा पुरावा मागितला गेला, आणि ते मागणं नियमाला धरूनच होतं. मामाजवळ पुरावा कोणता? ‘व इतर’. तो तीन वेळा खेटे घालून आला आणि चौथ्यांदा गेला नाही.

गेल्या महिन्यात मी इथे ‘द स्ट्रेट स्टोरी’ पुन्हा पाहिला. एक म्हातारा आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. तो म्हातारा म्हणजे रिचर्ड फार्न्सवर्थ, ज्याची उमेदीची वर्षं स्टंटमन म्हणून गेली. भाऊ शेवटी दिसतो, दोन-तीन मिनिटं, तोच स्टॅन्टन. तो यंत्राकडे बघतो, भावाकडे बघतो, डोळे भरतात, संपलं. शेजारच्या खुर्चीतले आजोबा रडत होते. बाहेर आल्यावर बोलणं निघालं, मी मामाचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, कुठले चित्रपट, किती प्रसंग, नाव कसं लिहितात. मामाचं पूर्ण नाव त्यांनी तिकिटामागे लिहून घेतलं. हा प्रश्न मला कोल्हापुरात कुणी विचारला नव्हता. मीही कधी कुणाच्या मामाबद्दल विचारला नव्हता.

स्टॅन्टन २०१७ च्या सप्टेंबरात गेला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. त्याचा ‘लकी’ इथल्या चित्रपटगृहांत लागला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच, तोही जन्मभर अशीच कामं केलेला नट.

वाचकांकडे एक मागणं आहे. थिएटरात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, शोकार्डं किंवा चित्रीकरणावरचे फोटो कुणाच्या ट्रंकेत असतील, १९६० ते १९८० मधले, कोल्हापुरात झालेल्या चित्रपटांचे, तर मोबाइलवर फोटो काढून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. ज्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत ती सोबत लिहा. मामा उंच होता, डाव्या भुवईत चीर होती. बहुधा फेटा बांधलेला असेल, आणि दाराला टेकून उभा.