बाहुलीला पाय फुटतात तेव्हा

सेसिल हा समुद्री साप. तो दिसायचा तो डोक्यापासून कमरेपर्यंत, कारण कमरेखाली माणूस सुरू व्हायचा. लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर १९४९ साली सेसिलचा ‘टाइम फॉर बीनी’ हा हातबाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, तेही थेट प्रक्षेपण. आवाज आणि हात दोन्ही डॉज बटलर आणि स्टॅन फ्रेबर्ग या दोघांचे. अल्बर्ट आइन्स्टाइन म्हणे बैठक अर्धवट सोडून हा कार्यक्रम बघायला उठायचे. खरंखोटं देव जाणे, पण दर लेखात ही गोष्ट येते म्हणून इथंही आली.

गंमत अशी की या कार्यक्रमाचा कर्ता बॉब क्लँपेट मुळात बाहुलीवाला नव्हताच. तो वॉर्नर ब्रदर्समधला कार्टूनचा दिग्दर्शक. पोर्की पिगला घेऊन त्याने चाळीशीच्या दशकापूर्वीच धुमाकूळ घातला होता. दूरचित्रवाणीला रोज नवा माल हवा असे आणि रोज कार्टून काढणं कोणाच्याच खिशाला परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने पेन्सिल ठेवली आणि बाहुल्या हातात घेतल्या. पुढे कमी चित्रांत भागवण्याचं तंत्र रुळलं, कार्टून स्वस्त झालं आणि १९६२ मध्ये तीच मंडळी ‘बीनी अँड सेसिल’ या नावाने एबीसी वाहिनीवर कार्टून होऊन आली. तोवर बटलर योगी बेअरचा आवाज झाला होता, फ्रेबर्गही आपल्या वाटेने गेला होता. आवाज दुसऱ्यांचे घ्यावे लागले. पण कागदावर अख्खा साप काढायला आता कोणाची आडकाठी नव्हती. तरीही कार्टूनमधला सेसिल बहुतेक वेळा चौकटीच्या कडेतून मान घालतो आणि तेवढाच दिसतो. अडचण संपली तरी तिच्यातून आलेली ढब क्लँपेटने सोडली नाही. बाहुल्यांच्या मालिकांची कार्टून करणाऱ्या पुढच्या कितीतरी जणांना एवढं शहाणपण सुचलं नाही.

बाहुलीचा स्वभाव तिच्या अडचणीतून घडतो. आपल्याकडे रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वडील यशवंत केशव पाध्ये यांच्याकडून त्यांच्याकडे आलेला हा बाहुला मान वळवतो, डोळे फिरवतो आणि तोंड उघडतो. त्या तीन-चार हालचालींत तो शेजारी बसलेल्या जित्या माणसाची फजिती करतो. उद्या त्याला पडद्यावर धावायला, उडायला, झाडावर चढायला लावलं तर तो अर्धवटराव राहील का?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न गेरी अँडरसनच्या बाबतीत फार मजेदार रीतीने उभा राहिला. अँडरसनला खरं तर जित्याजागत्या नटांचे चित्रपट करायचे होते. १९५७ मध्ये पोटासाठी बाहुल्यांचं काम आलं आणि तो तिथंच अडकला. दोऱ्यांवरच्या बाहुल्या नीट चालत नाहीत. पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटतच नाहीत. मग १९६१ च्या ‘सुपरकार’मध्ये त्याने नायकाला उडत्या गाडीत बसवलं. बसला की चालण्याचा प्रश्न मिटला. ‘थंडरबर्ड्स’ (१९६५-६६) मधली ती अवाढव्य रॉकेटं, पाणबुडी, वैमानिकाला थेट यानात नेऊन बसवणाऱ्या घसरगुंड्या या सगळ्यांच्या मुळाशी न चालणारे पाय आहेत. बाहुल्यांची डोकी अंगाच्या मानाने मोठी, कारण ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर ओठ हलवणारी विजेची यंत्रणा डोक्यातच बसवलेली. ५० मिनिटांचे ३२ भाग स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या स्टुडिओत तयार झाले. पैसा लू ग्रेड यांचा. पहिला भाग २५ मिनिटांचा होता. तो पाहून ग्रेड इतके खूश झाले की त्यांनी लांबी दुप्पट करायला लावली.

अँडरसनला मात्र दोऱ्यांची लाज वाटायची. १९६७ च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये त्याने ओठांची यंत्रणा डोक्यातून छातीत हलवली आणि बाहुल्यांना माणसाच्या प्रमाणात आणलं. त्या देखण्या झाल्या, पण थोड्या निष्प्राणही वाटू लागल्या. २००५ मध्ये संगणकावर केलेली ‘न्यू कॅप्टन स्कार्लेट’ ही २६ भागांची मालिका आली, तेव्हा त्याची जन्मभराची हौस फिटली. माणसं धावू लागली, मारामाऱ्या करू लागली. प्रामाणिकपणे सांगायचं तर मालिका वाईट नाही. कथा घट्ट आहेत आणि अवकाशातली दृश्यं जोरकस आहेत. पण ती कोणत्याही चांगल्या संगणकी मालिकेसारखीच दिसते. लाज वाटणाऱ्या दोऱ्यांबरोबर ओळखही गेली. त्यातून वाहिनीने प्रत्येक भाग शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात दोन तुकडे करून दाखवला, त्याचा अँडरसनला झालेला संताप रास्तच होता.

२०१५ ची ‘थंडरबर्ड्स आर गो’ अधिक हुशार निघाली. माणसं संगणकावरची, पण बेटं, तळ, इमारती हाताने घडवलेल्या छोट्या प्रतिकृती. त्या न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने केल्या. पात्रं चालती झाली तरी त्यांच्या पायाखालची जमीन खेळण्यातली राहिली, आणि त्यामुळे डोळ्याला मूळ मालिकेचा धागा सापडतो. ड्रायव्हर पार्करचा आवाजही मूळचाच, डेव्हिड ग्रॅहमचा. मालिका ७८ भाग चालली.

याच लू ग्रेडनी अमेरिकेत कोणी घेत नव्हतं तेव्हा जिम हेन्सन या बाहुलीवाल्यालाही आसरा दिला. ‘द मपेट शो’ (१९७६-८१) इंग्लंडमध्ये एल्स्ट्रीच्या स्टुडिओत झाला. हेन्सनच्या मपेट बाहुल्यांचं तंत्र अँडरसनच्या नेमकं उलट. इथं दोऱ्या नाहीत. बाहुली हातात, हात डोक्याच्या वर, आणि नजर समोरच्या छोट्या पडद्यावर, म्हणजे प्रेक्षकाला दिसतं तेच बाहुलीवाल्यालाही दिसावं म्हणून. त्यामुळे केर्मिट आणि मिस पिगी एरवी कमरेवरच जगतात. १९८४ च्या ‘द मपेट्स टेक मॅनहॅटन’ या चित्रपटात मिस पिगीला एक स्वप्न पडतं: आपण सगळे तान्हेपणी एकाच पाळणाघरात असतो तर? त्या काही मिनिटांच्या गाण्यातल्या कल्पनेवरच त्याच वर्षी सीबीएसवर ‘मपेट बेबीज’ हे कार्टून आलं. ते १९९१ पर्यंत चाललं, शंभराहून अधिक भाग झाले, आणि एमीचे पुरस्कार ओळीने मिळाले.

या सगळ्या प्रकारात माझ्या मते सर्वांत डोकेबाज कार्टून हेच. मूळ बाहुल्यांची नक्कल करण्याच्या भानगडीत ते पडत नाही. मोठ्यांचा मपेट शो रंगमंचामागच्या गोंधळावर उभा होता. इथं रंगमंच नाही, पाळणाघर आहे. आणि पोरं कपाटाचं दार उघडतात तेव्हा समोर जुन्या चित्रपटांतली खरीखुरी दृश्यं उलगडतात. रेखाटलेली पोरं छायाचित्रित जगात शिरतात. (याच उसन्या दृश्यांच्या हक्कांमुळे मालिकेचे संच पुढे बाजारात येऊ शकले नाहीत, असं सगळे मानतात.) आणि एक गोष्ट मला फार आवडते. पाळणाघरातल्या नॅनीचा चेहरा कधीच दिसत नाही. दिसतात ते हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोज्यांतले पाय. बाहुल्यांच्या खेळात माणूस चौकटीच्या खाली लपतो आणि बाहुल्यांना पाय नसतात. इथं बाहुल्यांना पाय मिळाले, आणि माणसाचं डोकं चौकटीच्या वर गेलं. कोणी हे ठरवून केलं असेल असं नाही, पण जमून गेलं खरं.

काही गमावलंही. मपेटमध्ये एकाच माणसाचा हात आणि आवाज असे. हेन्सनचा केर्मिट अडखळायचा तेव्हा मनगटही अडखळायचं. कार्टूनमध्ये आवाज अमेरिकेत आणि चित्रं बरीचशी जपान-कोरियात. शिवाय या यशामुळे सगळ्यांनाच पोरं व्हायची साथ आली: १९८६ मध्ये फ्लिंटस्टोनची पोरं, १९८८ मध्ये पिल्लू स्कूबी-डू, १९९० मध्ये टॉम अँड जेरीही लहान झाले.

हेन्सनच्याच ‘फ्रॅगल रॉक’चं १९८७ चं कार्टून मात्र फसलं, १३ भागांत संपलं. कारण उघड आहे. मूळ मालिकेत फ्रॅगल हातबाहुल्या, वीतभर डूझर रिमोटवर चालणारे, आणि राक्षसी गॉर्ग म्हणजे पोशाखात शिरलेली माणसं. तीन जमाती, तीन तंत्रं. लहानमोठेपणा अंगावर यायचा, प्रत्येकाचं वजन वेगळं जाणवायचं. कार्टूनमध्ये तिघंही एकाच पेनने काढलेले. एकमेकांना न समजणाऱ्या जमातींची ती गोष्ट होती. चित्रात त्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसू लागल्या.

‘आल्फ’चं दुखणं आणखी सोपं. १९८६ च्या मूळ मालिकेतला हा केसाळ परग्रहवासी माणसांच्या चारचौघांसारख्या घरात राहायचा. बाहुलीवाल्यांसाठी सेटची जमीन उंच करून तिच्यात झडपा ठेवाव्या लागत, चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत रेंगाळे. एका वर्षाने आलेल्या कार्टूनने त्याला त्याच्या मेलमॅक ग्रहावर परत नेलं, जिथं सगळेच त्याच्यासारखे. मग विनोद कोणाच्या जिवावर करायचा? आवाज मूळचाच, पॉल फस्कोचा, तरी काही उपयोग झाला नाही.

इटलीचा टोपो जिजो हा स्पंजचा उंदीर आणि जपानच्या एनएचकेवरचं ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ हे तरंगतं बेट, दोघांचीही कार्टून झाली. काळ्या पोशाखातल्या माणसांनी काळ्या पडद्यापुढे हलवलेला जिजो कार्टूनमध्ये केवळ गोंडस उरतो. ह्योतानजिमाचा १९६७ चा कार्टूनपट मालिका चालू असतानाच तोएई या स्टुडिओने काढला. पण जपानी पिढीच्या ओठांवर राहिली ती मूळ बाहुल्यांची गाणीच. दिग्दर्शक ताकाहाताच्या ‘ओन्ली यस्टरडे’ या कार्टूनपटाची नायिका बालपण आठवते तेव्हा तिलाही हीच मालिका आठवते.

आता वारं उलटं फिरलेलं दिसतं. २०१५ मध्ये, संगणकी थंडरबर्ड्स चालू असतानाच, चाहत्यांनी वर्गणी काढून १९६० च्या दशकातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर तीन नवे भाग करवून घेतले, दोऱ्यांच्या बाहुल्यांनी, त्याच जुन्या पद्धतीने. फ्रॅगल मंडळी २०२२ मध्ये अॅपलवर परतली तीही बाहुल्या म्हणूनच. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना यातलं काही दाखवणार असाल तर क्रम चुकवू नका: आधी १९६५ चा ‘थंडरबर्ड्स’चा पहिला भाग, दोऱ्या दिसतात तो, नंतर २०१५ चा. उलट क्रमाने दाखवलंत तर पोरं पहिल्या पाच मिनिटांत दोऱ्यांना हसतील आणि उठून जातील.