गिअर नंतर, आधी रस्ता बघा!

इंटर्नशिप लागली, पण निम्मा स्टायपेंड पेट्रोलमध्येच जातोय? मग सायकलचा विचार तुमच्याही डोक्यात आला असेल. दुकानात गेलात की आधी २१ गिअरवाली दाखवतात. थांबा, आधी तुमचा रोजचा रस्ता आठवा.

पुण्यात डेक्कन ते शिवाजीनगरसारखा सपाट रस्ता असेल, तर सिंगल स्पीड मस्त. गिअर नाहीत, म्हणजे पावसाळ्यात चिखल जाऊन बिघडणारे भागही कमी. चेनला तेल, टायरमध्ये हवा, बास! पण रोज चांदणी चौकाचा चढ असेल, तर गिअरवालीच घ्या. गुडघ्यांशी पंगा नको.

घेताना चक्रांचे दात मोजा. पुढे ४४, मागे १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक साधारण अडीच वेळा फिरतं. मागे १६ असतील तर वेग मिळतो, पण चढावर दम निघतो. मी ऐटीत १६ची घेतली आणि आठवडाभर उड्डाणपुलावर सायकल ढकलत ऑफिसला उशिरा पोचले. शेवटी १८ दातांचं फ्रीव्हील बसवून घेतलं.

तुम्ही आधी मित्राची सायकल मागा आणि ऑफिसच्या वेळेला एक फेरी मारून या. पैसे त्यानंतर!