तांबड्या मुलखातील गाणी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या पोटात तांबड्या मातीचा, विरळ वस्तीचा आणि बहुतांशी निर्जल असा जो मुलूख पसरला आहे, त्यास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. त्यातील ॲना क्रीक हे गुरांचे एकच कुरण आपल्या पुणे जिल्ह्याहून क्षेत्रफळाने मोठे आहे, एवढे सांगितले म्हणजे शेजार, बाजार आणि करमणूक या गोष्टी तेथे किती दुर्लभ असाव्यात याची कल्पना येईल. या मुलखाची म्हणून जी ‘कंट्री’ गाणी प्रसिद्ध आहेत, त्यांतील मौज अशी की, त्यांचा साज तेथला नाही आणि त्यांतील सर्वांत गाजलेल्या गाण्याचे जन्मस्थानही तेथले नाही.

साज अमेरिकेचा. गिटार, रुंद काठाची टोपी आणि स्वर छातीतून एकाएकी टाळूला भिडविणारी ‘यॉडल’ ही गायनरीती तबकड्यांवरून आली. न्यूझीलंडात जन्मलेल्या टेक्स मॉर्टनने 1936 मध्ये सिडनीत त्याच थाटाची गाणी मुद्रित केली, आणि ती ऐकून जी मुले वेडावली त्यांत केम्प्सीजवळच्या हिरव्यागार खोऱ्यातील, दुभत्या गुरांवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याचा एक मुलगा होता. अकराव्या वर्षी त्याने ‘स्लिम डस्टी’ हे नाव धारण केले. 1957 मध्ये त्याने गायिलेले, बिअर संपलेल्या मद्यगृहाचे गाणे गॉर्डन पार्सन्सने रचले होते. त्याचे मूळ मात्र इंगम या पाऊसबहुल, उसाच्या गावातील डॅन शीहान याच्या युद्धकालीन कवितेत आहे; तिला निमित्त असे की, अमेरिकन सैनिकांनी गावातील बिअरचा साठा फस्त केला होता. इतक्या क्षुल्लक अभावावर इतका गंभीर विलाप! पण माझ्या मते या संगीताचा स्वभाव नेमका येथेच आहे: जेथे अवर्षण, महापूर आणि एकाकी मरण हे नित्याचे, तेथे त्यांवर अश्रू ढाळणे अप्रशस्त ठरते, आणि मग सारा शोक बिअरच्या वाट्याला येतो. 1959 मध्ये हे गाणे इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकास पोहोचले.

तरीही स्लिम डस्टीचे खरे कर्तृत्व तबकडीत नाही, रस्त्यावर आहे. 1964 पासून तो आणि त्याची पत्नी जॉय मॅक्कीन बिऱ्हाड गाडीत घालून खंडाची प्रदक्षिणा करू लागले. दहा महिने आणि सुमारे 48,000 किलोमीटर असा तो क्रम असे. रात्री मालमोटार हाकणाऱ्या चालकावरचे जॉयचे गाणे या रस्त्यांनीच दिले असावे. 1973 मध्ये टॅमवर्थ येथे ‘गोल्डन गिटार’ पारितोषिके सुरू झाली, तेव्हा पहिला मान या गाण्याबद्दल जॉयलाच मिळाला. पुढच्या पिढीतील केसी चेम्बर्सचे बालपण तर नलारबॉरच्या वृक्षहीन पठारावर, कोल्ह्यांची शिकार करणाऱ्या बापाच्या शेकोटीशी गाणी म्हणण्यात गेले.

मूळनिवासी लोकांनी हे संगीत निव्वळ श्रोते म्हणून स्वीकारले नाही. आयझॅक यामाने पिट्जन्ट्जाट्जारा या आपल्या भाषेत कंट्री गाणी गायिली. 1966 मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी याच्या नेतृत्वाखाली गुरिंजी गुराख्यांनी वेव्ह हिलच्या गोऱ्या मालकांचे काम सोडले, तेव्हा त्यांच्या जमिनीच्या हक्काची कैफियत टेड ईगनने गाण्यात मांडली आणि 1971 च्या त्या तबकडीवर लिंगिआरीचा स्वतःचा आवाजही आहे. बिअरच्या रिकाम्या खोक्यावर ताल धरून गाणारा हा ईगन पुढे 2003 ते 2007 या काळात नॉर्दर्न टेरिटरीचा प्रशासक झाला.