पाणघोडा नावाचं जहाज

वरवट बकालहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. जहाज म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर वहीच्या कागदाची होडीच येते! पण मित्रांनो, मेकॅनिकलवाल्यांनी (आणि बाकीच्यांनीही) ओळख करून घ्यावी असं एक जहाज भारतीय नौदलाकडे आहे, आयएनएस जलाश्व. जलाश्व म्हणजे पाणघोडा. नाव एकदम फिट, कारण हे जहाज मुद्दाम आपली मागची बाजू पाण्यात बुडवतं.

कसं? त्याच्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरलं की मागचा भाग खाली बसतो. दार उघडलं की पोटातल्या हौदात पाणी शिरतं आणि आत ठेवलेल्या छोट्या बोटी, सैनिक आणि गाड्यांसकट, तरंगत बाहेर पडतात. टाक्यांतलं पाणी बाहेर काढलं की जहाज परत वर! आर्किमिडीज आपण मार्कांपुरता पाठ केला, इथे १७३ मीटरचं धूड त्याच्या भरवशावर आहे. बंदराचा धक्का नसला तरी माणसं किनाऱ्यावर उतरवता येतात. आणि इंजिन? बॉयलर आणि स्टीम टर्बाइन, आपल्या सिलॅबसमधलंच.

जहाज मूळचं अमेरिकेचं. १९७१ साली 'ट्रेन्टन' नावाने सेवेत आलं. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली तेव्हा मोगादिशूत अडकलेल्यांसाठी पहिली हेलिकॉप्टरं याच्याच डेकवरून उडाली. अंतर इतकं की वाटेत हवेतच इंधन भरावं लागलं! या मोहिमेत २८१ लोक सुटले.

२००७ मध्ये भारताने ते विकत घेतलं, साधारण ४.८ कोटी डॉलरला. सेकंडहँड, तेही छत्तीस वर्षं वापरलेलं! 'कॅग'ने २००८ च्या अहवालात जहाजाचं वय आणि अमेरिकेच्या अटी यांवर बोट ठेवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौसैनिकांचा जीव गेला. मला वाटतं, स्वस्त पडलं म्हणताना ही किंमतही मोजायला हवी.

पण मे २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये विमानं बंद, माणसं परदेशात अडकलेली. तेव्हा जलाश्व मालदीवला गेलं आणि १० मे रोजी ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला आलं. त्यात १९ गरोदर बायका होत्या. सैनिकांसाठीच्या जागेत या लोकांची, तीही अंतर ठेवून, झोपायची-जेवायची सोय करायची होती. आपल्या मेसची रांग डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल! नंतर श्रीलंका आणि इराणमधूनही याच जहाजाने माणसं आणली.

एप्रिल २०२५ मध्ये 'टायगर ट्रायम्फ' सरावात जलाश्व अमेरिकन जहाजांबरोबर उतरलं. विषय होता आपत्तीत मदत. चोपन्न वर्षांची ही म्हातारी माहेरच्यांना भेटली म्हणायची!